मायटर गेजचा नॉब हरवलाय. आटे कुठले ते कसं ओळखू?

दुपारची_करवत | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसतं वाचतो, पण आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

गेल्या महिन्यात आम्ही कोथरूडहून धायरीला राहायला आलो. टेबल सॉ हलवताना मायटर गेज खोक्यात मावेना, म्हणून त्याचा नॉब फिरवून काढला आणि डोकं व पट्टी वेगवेगळी बांधली. आता डोकं आहे, पट्टी आहे, नॉब नाही. सगळी खोकी दोनदा उपसली. पंख्याच्या स्क्रूंची पुडीसुद्धा सापडली, हा नाही.

ज्यांच्याकडे टेबल सॉ नाही त्यांच्यासाठी सांगतो. मायटर गेज म्हणजे टेबलावरच्या खाचेतून पुढे-मागे सरकणारा कोनमापक. लाकूड त्याच्या डोक्याला टेकवायचं आणि हव्या त्या कोनात पात्याकडे ढकलायचं. डोकं पट्टीवर फिरतं. कोन ठरला की नॉब आवळून डोकं जखडायचं. नॉबला वर काळी, पाच पाकळ्यांची मूठ होती आणि खाली आट्यांचा दांडा. तो दांडा डोक्यातल्या अर्धगोल खाचेतून उतरून पट्टीतल्या आट्यांच्या भोकात बसायचा. मधे एक वायसर होता, तोही गेला.

सॉ इथलाच, पुण्यात घेतलेला. गेज मात्र ताईने शिकागोहून बॅगेत घालून आणला होता. दोन्हींच्या कंपन्या वेगळ्या, पण सॉची खाच १९ मिमी आणि गेजची पट्टी पाऊण इंच, त्यामुळे छान बसतो. इतकी वर्षं कधी कुरकुरला नाही.

घरातल्या डब्यात एम ८ चा, म्हणजे ८ मिमी व्यासाचा, २५ मिमी लांबीचा बोल्ट मिळाला. तो पट्टीच्या भोकात हाताने दोन-अडीच फेरे सहज गेला आणि मग अडकला. भोकात भुसा बसला असेल असं वाटतंय. पाना लावून पुढे रेटू का?

घाईचं कारण असं की भाचीचं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलंय आणि पाळणा मी करून देणार हे कबूल केलंय. पाळण्याच्या चारही बाजू १० अंशांनी बाहेर कललेल्या आहेत, म्हणजे गेजशिवाय एकही काप होणार नाही.

उद्यमनगरी | रविवार, रात्री १०:३१

थांब भावा. पाना लावू नको. आधी तो बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढ, मग बाकीचं बोलू.

दोन फेरे जाऊन अडकला म्हणजे भुसा नाही, आटे वेगळे आहेत. भुसा असता तर पहिल्यापासून करकरला असता आणि पुढं-मागं केल्यावर सैल झाला असता. तुझा बोल्ट सुरुवातीला गुळगुळीत गेला आणि मग एकदम भिंत लागल्यासारखा थांबला. बरोबर ना?

आमच्या शेडवर पोरानं असंच एका ॲल्युमिनियमच्या बॉडीत चुकीचा बोल्ट पान्यानं घातला. गेला आत. काढताना आट्यांचा चुरा घेऊनच बाहेर आला. मग भोक मोठं करून, नवे आटे मारून हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागली. पाच मिनिटांच्या घाईत अर्धा दिवस गेला.

दुपारची_करवत | रविवार, रात्री १०:४४

बोल्ट काढला, दादा. अगदी तसंच झालं होतं, भिंत लागल्यासारखं. पट्टीचे आटे टॉर्च लावून बघितले, चांगले दिसतायत. पट्टी पोलादी आहे, नशीब.

निवृत्त_निदेशक | सोमवार, सकाळी ६:१५

आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नरच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. हा घोळ दर वर्षी कुणीतरी करायचंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेज अमेरिकेचा असेल तर आटे बहुतेक इंची असणार. एम ८ ला सर्वांत जवळचा इंची बोल्ट म्हणजे ५/१६. त्याचा व्यास ७.९४ मिमी, म्हणजे डोळ्यांना आठच. फरक पिचमध्ये आहे. एम ८ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असतं. ५/१६ ला एका इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१ मिमी. दर फेऱ्याला ०.१६ मिमीची चूक साठत जाते. आट्यांमध्ये जेवढी ढिलाई असते तेवढी दोन-तीन फेऱ्यांत संपते आणि बोल्ट जाम होतो. तुम्हाला लागली ती भिंत हीच.

भोकाचा आतला व्यास मोजून याचं उत्तर मिळत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. एम ८ साठी टॅप मारण्याआधी, म्हणजे आटे पाडण्याआधी, ६.८ मिमीचं भोक पाडतात आणि ५/१६ साठी साधारण साडेसहा मिमीचं. जुन्या, वापरलेल्या भोकात हा फरक घरच्या व्हर्निअरने खात्रीने कळत नाही.

पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर ताडून बघायची दातेरी पाती, असेल तर उत्तम, पण त्याची पाती आतल्या आट्यांवर नीट बसत नाहीत. मी मुलांना एक साधी रीत दाखवायचो. पाइनसारख्या मऊ लाकडाची गोल काडी घ्या, भोकापेक्षा किंचित जाड. ती हळूहळू फिरवत भोकात घाला आणि फिरवतच बाहेर काढा. ओढू नका. काडीवर आट्यांचा ठसा उमटतो. मग ज्याचे आटे तुम्हाला नक्की माहीत आहेत असा बोल्ट त्या ठशावर आडवा टेकवून उजेडासमोर धरा. ज्याचे आटे ठशाच्या सगळ्या खाचांत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसतात तोच खरा. चुकीचा बोल्ट पहिल्या दोन-तीन खाचांत बसलेला दिसेल आणि पुढे सरकत जाईल.

तुमची पट्टी किती जाड आहे?

दुपारची_करवत | सोमवार, सकाळी ८:०२

सर, पट्टी ९ मिमी आहे. डोक्याचा जो भाग खाचेशी येतो तो ८ मिमी. संध्याकाळी काडी करून बघतो.

ओहायोचा_पाऊस | सोमवार, सकाळी ९:१०

सरांचा अंदाज बरोबर वाटतो. माझ्या तळघरातल्या सॉच्या गेजला ५/१६, १८ आटेच आहेत. शेजाऱ्याच्या जुन्या गेजला मात्र १/४, २० आटे निघाले, म्हणून पडताळून बघणं बरं.

गेजच्या डोक्यामागे किंवा पट्टीच्या खालच्या अंगाला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. इथल्या कंपन्या प्रत्येक मॉडेलचं सुट्या भागांचं चित्र देतात. भाग एकेक करून वेगळे दाखवलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. त्यात तुमच्या नॉबपुढे आट्यांचं मापही लिहिलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. क्रमांक कळवा, मी शोधतो. नॉब मिळत असेल तर पाठवूनही देईन, पण टपालाला तीन आठवडे पुरतील असं वाटत नाही.

नवा_भुस्सा | सोमवार, दुपारी १:३५

मी नवीन आहे, म्हणून विचारतो. तोपर्यंत डोकं पट्टीला जी-क्लॅम्पने जखडून चार काप मारले तर चालणार नाही का? ९० अंशाचे काप तरी होतील.

उद्यमनगरी | सोमवार, दुपारी १:५२

नाही. पट्टी खाचेच्या आत चालती, क्लॅम्पचा खालचा जबडा जाणार कुठं? आणि समजा कुठंतरी पकडलास, तरी ढकलताना जोर लागतो तो डोक्याच्या एका बाजूला. डोकं फिरायलाच बघतं.

निवृत्त_निदेशक | सोमवार, दुपारी ४:२०

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

१० इंची पातं मिनिटाला साधारण ४८०० फेऱ्यांनी फिरतं असं धरा. परीघ जवळपास ८० सेंटिमीटर. म्हणजे दात सेकंदाला ६४ मीटर, ताशी २३० किलोमीटर वेगाने पळतो. काप अर्ध्यावर असताना डोकं दोन अंशांनी जरी फिरलं तरी लाकूड पात्याच्या अंगाला घासतं. पात्याचे मागचे दात वर येत असतात. ते लाकूड उचलतात आणि तुमच्या दिशेने फेकतात. हात लाकडावर असेल तर तोही ओढला जातो. नॉब छोटा दिसतो, पण कापताना लाकूड सरळ ठेवण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर असते. नॉब बसेपर्यंत हातकरवत आणि गुण्या वापरा.

आणि नवे आहात म्हणून आणखी एक. आडवा काप मारताना गेज आणि रिप फेन्स (पात्याला समांतर असलेली आधारपट्टी) दोन्ही एकाच वेळी लाकडाला टेकवू नका. सुटलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो आणि उडतो.

नवा_भुस्सा | सोमवार, दुपारी ४:४१

समजलं सर. हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही वापरत होतो.

चौदा_एमएम | सोमवार, सायं. ६:३०

भोसरीत जिग-फिक्स्चरचं (काम जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनांचं) सामान ठेवणाऱ्यांकडे बेकेलाइटचे स्टार नॉब मिळतात, दांड्यासकट. मी नेहमी घेतो. पण ते एम ६, एम ८, एम १० असेच असतात. करवतदादा, तुमच्या पट्टीतच एम ८ चा टॅप मारून घेतला तर? मग पुढे आयुष्यभर बाजारातला कुठलाही नॉब बसेल.

उद्यमनगरी | सोमवार, सायं. ६:४८

५/१६ च्या आट्यांवर एम ८ चा टॅप मारला की जुने आटेही राहत नाहीत आणि नवे पुरते होत नाहीत. दोन्ही एकमेकांना कापत जातात. चार दिवस धरंल, मग सुटंल.

मोठं करायचंच तर साडेआठ मिमी ड्रिल मारून एम १० चा टॅप मारावा. पण मग दांडा डोक्याच्या खाचेतून खाली गेला पाहिजे. करवतभावा, ती अर्धगोल खाच किती रुंद आहे?

दुपारची_करवत | सोमवार, रात्री ९:१५

खाच साडेआठ मिमी. एम १० जाणार नाही.

आता काडीचं सांगतो. ब्रशच्या पाइनच्या दांड्याचा तुकडा तासून घेतला आणि भोकात फिरवला. ठसा इतका स्वच्छ उमटला की मलाच नवल वाटलं. त्यावर एम ८ चा बोल्ट टेकवला. पहिले दोन आटे बसले, तिसरा कडेवर आला, पाचवा सरळ कंगोऱ्यावर उभा. म्हणजे एम ८ नक्की नाही. सर, तुमची रीत वहीत लिहून ठेवली.

आता ५/१६ चा बोल्ट पुण्यात कुठे शोधू? ऑनलाइन शंभराच्या पिशव्या दिसतायत, एक कुणी देत नाही.

निवृत्त_निदेशक | मंगळवार, सकाळी ६:०५

रविवार पेठेत बोहरी आळीत जा. पण ५/१६ मागू नका, अडीच सुती मागा.

आपल्या जुन्या हार्डवेअरवाल्यांची भाषा सुताची आहे. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. दोन सुती म्हणजे पाव इंच, तीन सुती म्हणजे ३/८, चार सुती म्हणजे अर्धा इंच. ५/१६ म्हणजे बरोबर अडीच सूत. मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण लोखंडी सामानाच्या दुकानांत आणि सुतारांच्या तोंडी सूत अजून आहे. पाणीपट्टी लिटरमध्ये भरणारा माणूससुद्धा पाइप अर्धा इंचीच मागतो, तसंच हे.

आता एक बारीक मुद्दा. अडीच सुती म्हणून जो बोल्ट मिळेल तो बहुधा व्हिटवर्थ पद्धतीचा असेल. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण सुचवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंश आहे. अमेरिकेचे आटे ६० अंशांचे. दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या यंत्रांचे बोल्ट एकमेकांना बसेनात. म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचं युनिफाइड प्रमाण मान्य केलं. तुमचा गेज त्या युनिफाइड कुळातला.

पण ५/१६ ला दोन्ही पद्धतींत इंचाला १८ आटे आहेत. पिच तेच आणि कोनात पाच अंशांचा फरक, त्यामुळे बोल्ट बसतो. इंजिनाच्या डोक्यावर असली सरमिसळ मी करू देणार नाही. हाताने आवळायच्या नॉबला मात्र हरकत नाही. चार सुतीला सावध राहा. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आटे आणि अमेरिकेचे १३, तिथे ही युक्ती चालत नाही.

पट्टी सोबत न्या. दुकानातच हाताने फिरवून बघा. शेवटपर्यंत बोटांनी गेला तरच घ्या.

ओहायोचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ७:४०

सर, हे वाचून भरून आलं. माझे आजोबा सुतार होते, पेणला. त्यांच्या तोंडी कायम सूत असायचं, "दोन सूत सोड, दीड सूत घे". इथे आल्यावर सोळांश इंच शिकताना मला फार जड गेलं होतं. आजोबांचं अर्धं सूत म्हणजे इथलं १/१६, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

खेळणीवाली | मंगळवार, सकाळी ११:२५

बोल्ट मिळाला की मूठ घरीच करा, दादा. मी सावंतवाडीजवळ राहते, लाकडी कोडी आणि खेळणी करते. माझ्या जिगांच्या सगळ्या मुठी मी स्वतः केल्यात.

सागाचा किंवा शिसवीचा तुकडा घेण्याचा मोह होईल, पण घेऊ नका. गोल मुठीत दोन बाजूंच्या पाकळ्यांमध्ये रेषा आडव्या येतात आणि आवळताना तिथेच पाकळी तुटते. १८ मिमीचा चांगला मरीन प्लाय घ्या. त्याचे थर आलटून-पालटून उभे-आडवे असतात, त्यामुळे कुठूनही तुटत नाही. दिसायलाही कडेचे पट्टे सुंदर दिसतात.

प्लायवर ५० मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. त्यावर ७२ अंशांवर पाच खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर १२ मिमीचं भोक पाडा. आधी भोकं, मग वर्तुळ कापायचं. उलट केलंत तर काठावर ड्रिल घसरतो. वर्तुळ कापलं की अर्धी भोकं आत राहतात आणि पाच पाकळ्या आपोआप तयार होतात. मधलं भोक बोल्टच्या दांड्याएवढं. वरच्या अंगाने बोल्टचं षटकोनी डोकं बसेल एवढा खळगा पटाशीने कोरा, घट्ट. डोकं थिनरने पुसा, कानशीने चार ओरखडे काढा आणि अ‍ॅराल्डाइट भरून बसवा. एक रात्र हात लावू नका.

बोल्ट गुण्याने बघून काटकोनात उभा आहे ना ते चिकट ओलं असतानाच तपासा. तिरका बसला तर आवळताना गेजचं डोकं एका बाजूला सरकतं आणि लावलेला कोन बदलतो.

चौदा_एमएम | मंगळवार, दुपारी १२:१०

हवं तर थ्रीडी प्रिंट करून देतो. पीएलए प्लास्टिकमध्ये नाही, पीईटीजी प्लास्टिकमध्ये. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत मे महिन्यात तेवढं तापतं. माझा एक नॉब असाच बोल्टवर सैल झाला होता.

दुपारची_करवत | बुधवार, रात्री ८:५०

आज अर्धी सुट्टी टाकून बोहरी आळीत गेलो. पहिल्या दुकानात ५/१६ म्हटलं तर "एम ८ घेऊन जा, तेच असतं" असं ऐकलं. दुसऱ्या दुकानात वयस्कर काका होते. "अडीच सुती बोल्ट आहे का?" एवढंच विचारलं. त्यांनी न बघता मागचा खण उघडला आणि विचारलं, "लांबी?" मी पट्टी पुढे केली. त्यांनी स्वतःच बोल्ट फिरवला आणि तो बोटांनी शेवटपर्यंत गेला. मला किती बरं वाटलं हे सांगता येत नाही. चार बोल्ट आणि सहा वायसर घेतले.

आता लांबीचा प्रश्न आलाय. दुकानात एक इंची सर्वांत आखूड होता, म्हणजे २५.४ मिमी. घरी येऊन नुसत्या बोल्टने डोकं बसवून बघितलं तर बोल्ट पट्टीच्या खालून बाहेर येतो. गेज खाचेत ठेवला की पट्टी उचलली जाते.

निवृत्त_निदेशक | बुधवार, रात्री ९:१२

बेरीज करा. डोक्याचा भाग ८, वायसर १.६, पट्टी ९. एकूण १८.६ मिमी. मुठीखालून दांडा १८ मिमी ठेवा. पट्टीच्या खालच्या अंगापासून अर्धा मिमी आतच राहील आणि आटे जवळजवळ पूर्ण पट्टीभर धरतील. पोलादात बोल्टच्या व्यासाएवढे आटे धरले की पुरतं. तुम्हाला व्यास ८ आणि पकड ८.४ मिळतेय.

कापण्याआधी बोल्टवर एक नट चढवून ठेवा. हॅक्सॉने कापा, टोक कानशीने उतरतं करा आणि मग नट फिरवत बाहेर काढा. कापताना चेपलेले आटे त्या नटाने सरळ होतात.

खेळणीवाली | बुधवार, रात्री ९:३०

सरांच्या हिशोबात माझं एक. १८ मिमी हे मुठीच्या खालून मोजायचं. खळग्याच्या तळाशी प्लाय साधारण १० मिमी उरेल, म्हणजे बोल्टच्या डोक्याखालून २८ मिमी लागतील. एक इंची बोल्ट पुरणार नाही, दीड इंची घ्या आणि कापा.

दुपारची_करवत | बुधवार, रात्री ९:३८

बरं झालं ताई, उद्या सकाळी हा कापणारच होतो. ऑफिसातून येताना दीड इंची आणतो.

दुपारची_करवत | रविवार, दुपारी ३:४५

झालं! सगळं इथल्या सांगण्याप्रमाणे केलं. मूठ प्लायची, वरून दोन हात पॉलिशचे. बोल्ट मुठीखालून बरोबर १८ मिमी. मुठीखाली मोठा वायसर टाकला, म्हणजे प्लाय खाचेच्या कडांवर घासत नाही. आवळलं की डोकं दगडासारखं बसतं. मूळच्या प्लास्टिकच्या नॉबपेक्षा पकड चांगली आहे, कारण मूठ मोठी आहे.

डोकं वेगळं केल्यामुळे शून्याची खूण हलली असेल असं वाटलं, म्हणून पाच कापांची परीक्षा घेतली. ४०० मिमीचा चौरस प्लाय घेतला. ताजी कापलेली कड दर वेळी गेजला टेकवत चारही बाजू कापल्या आणि पाचव्या कापात पहिल्याच बाजूची एक पट्टी काढली. पट्टीची रुंदी एका टोकाला २५.१० आणि दुसऱ्या टोकाला २४.३० आली. फरक ०.८०. चार कापांची चूक त्यात साठलेली असते, म्हणून भागिले चार. ४०० मिमीला ०.२० मिमी. काटा किंचित सरकवून परत केलं, तेव्हा एकूण फरक ०.१६ आला, म्हणजे एका कापाला ०.०४. पाळण्याला यापेक्षा जास्त काय हवं!

१० अंश मात्र काट्यावर विश्वास ठेवून लावले नाहीत. जाड पुठ्ठ्यावर २०० मिमी पाया आणि ३५.३ मिमी उंचीचा काटकोन त्रिकोण काढून कापला आणि त्याच्या तिरक्या कडेला गेज लावला. पहिल्या दोन बाजू कापून झाल्या. एकावर एक ठेवल्या तर बोटाला कड लागत नाही.

उद्यमनगरी | रविवार, दुपारी ४:०५

लई भारी काम केलंस भावा. पाना लावला असतास तर आज पट्टी घेऊन शेडवर आला असतास.

नवा_भुस्सा | रविवार, सायं. ५:२०

अभिनंदन दादा! याच धाग्यात माझा एक प्रश्न. मी सॉ वापरलेला घेतलाय. त्याच्यासोबत पात्यामागे उभं राहणारं ते पातळ पातं, रायव्हिंग नाइफ, आलंच नाही. मूळ मालकाकडून हरवलं म्हणे. करवतदादांनी जसा नॉब केला तसं मी २ मिमीच्या पत्र्यातून हे कापून घेऊ का?

निवृत्त_निदेशक | सोमवार, सकाळी ६:२०

नाही. ही वस्तू घरी करू नका, मूळ कंपनीचीच घ्या.

नॉब चुकला तर तो आवळताना कळतो, पातं सुरू होण्याआधीच. रायव्हिंग नाइफ चुकीची असेल तर ते काप चालू असताना कळतं. कापलेल्या लाकडाच्या दोन बाजू मिटून पात्याला चिमटा बसू नये म्हणून ती तिथे असते. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी लागते. ही जागा मिमीच्या काही दशांशांचीच असते. ती पात्याच्या बरोबर रेषेत हवी, पात्यामागे ८ मिमीच्या आत हवी, आणि लाकूड दाबलं तरी वाकता कामा नये. बाजारातला पत्रा यातलं एखादं जमवेल, सगळं नाही.

सॉवरच्या पाटीचा मॉडेल क्रमांक घ्या, सुट्या भागांच्या चित्रात तिचा क्रमांक शोधा आणि सेवा केंद्रात तो क्रमांक द्या. नुसतं नाव सांगू नका. ती येईपर्यंत उभे काप मारू नका.

चौदा_एमएम | सोमवार, सकाळी ९:००

सरांशी पूर्ण सहमत. आणि नवीन पातं घ्याल तेव्हाही जाडी मोजा. नाइफवर आकडे कोरलेले असतात. मी एकदा स्वस्त म्हणून बारीक दातांचं पातं घेतलं. त्याचा काप नाइफपेक्षा अरुंद होता आणि लाकूड नाइफपाशी येऊन अडायला लागलं. पातं बदलून आणलं.

नवा_भुस्सा | सोमवार, सकाळी ९:४५

क्रमांक सापडला. फोन केला, आठ दिवसांत येईल म्हणाले. तोवर सॉचं प्लग काढून ठेवलंय.

खेळणीवाली | सोमवार, दुपारी १२:३०

करवतदादा, पाळण्याच्या बाजूंना उभ्या पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधली फट ६० मिमीपेक्षा कमी ठेवा. बाळाचं अंग फटीतून खाली सरकू नये म्हणून. आणि आतल्या सगळ्या कडा घासून गोल करा.

दुपारची_करवत | सोमवार, रात्री १०:१०

ताई, आराखड्यात ६५ होती! आज रात्रीच बदलली, प्रत्येक बाजूला एक पट्टी वाढवून ५२ केली. लाकूड पुरतंय.

ओहायोचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ७:१५

तुमच्या गेजचा नॉब इथे सुटा मिळतोय. दोन मागवू का? डिसेंबरात मी पुण्याला येतोय, सोबत आणेन.

दुपारची_करवत | मंगळवार, सकाळी ८:३०

एकच आणा दादा, जपून ठेवायला. वापरायला हाच बरा वाटतोय. आणि आता गेज वेगळा करायची वेळ आली तरी नॉब पुडीत जाणार नाही. डोकं काढलं की वायसरसकट पट्टीतल्या त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवायचा.

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ९:०५

तुझं माप परत एकदा एका ओळीत टाक. शेडवर रिकामा वेळ आहे, दोन-चार दांडे लेथवर काढून ठेवतो. इथं कुणाला लागले तर देता येतील.

दुपारची_करवत | मंगळवार, सकाळी ९:२०

अडीच सुती, इंचाला १८ आटे, बोल्टच्या डोक्याखालून २८ मिमी, त्यातले मुठीखाली १८. टोक उतरतं.